चव्हाट्यावरील प्रगतिपुस्तक

अलीकडच्या काही वर्षांत शिक्षकवर्गाने देशभर एक नवी सार्वजनिक सेवा सुरू केली आहे, आणि आमचा माळवाही तिच्यात मागे नाही. वर्गात ज्या पोराने दिवसभर डोके खाल्ले, त्याची हकिगत संध्याकाळी मास्साबांच्या स्टेटसवर वाचायला मिळते. ज्या मुलीला तीनदा सांगूनही भागाकार जमला नाही, तिच्या वहीचे पान मॅडमच्या फेसबुकवर झळकते आणि खाली डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारे चार पिवळे चेहरे असतात. चित्रफीत असेल तर तिला गाण्याची जोड मिळते. या सेवेचे कोणी शुल्क घेत नाही, तिच्यासाठी कोणी अनुदान मागितलेले नाही, आणि दिवाळीच्या सुट्टीतही ती बंद पडत नाही. तरीही पाच सप्टेंबरच्या भाषणांत तिचा साधा उल्लेख होत नाही. नागरिक म्हणून आपल्याकडून झालेली ही हयगय दूर व्हावी, एवढ्यासाठी हा लेख.

जुन्या व्यवस्थेतील उणिवा आपण सगळ्यांनी भोगल्या आहेत. मुलाविषयी वाईट लिहायचे तर गुरुजींच्या हाती प्रगतिपुस्तकाच्या शेवटच्या रकान्यातली बोटभर जागा असे. त्यात ‘अभ्यासात लक्ष नाही’, ‘अक्षर सुधारावे’, फार तर ‘पालकांनी समक्ष भेटावे’ एवढेच मावे. तो शेरा वाचणार कोण, तर वडील, आणि तेही सही करण्यापुरते. वर्ष संपले की ते पुस्तक माळ्यावर जाई आणि त्याच्याबरोबर मुलाचा दोषही जाई. पुढच्या वर्गात नव्या बाई येत, त्यांना मागचे काही ठाऊक नसे, आणि पोरगे नव्याने सुरुवात करून मोकळे होई. उरलेला संताप शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर निघून जाई. चार सहकारी ऐकून घेत, मग त्यांच्यातली एखादी वयस्क बाई म्हणे, “अहो, त्याची आई गेल्या पावसाळ्यात वारली,” आणि तक्रार तिथेच बसून जाई.

नव्या पद्धतीत हे सगळे दोष एका झटक्यात दूर झाले आहेत. शेऱ्याला जागेची मर्यादा नाही. वाचकांत वडील आहेतच, शिवाय इंदूरचा मामा आहे, पुण्याची आत्या आहे, कोपऱ्यावरचा किराणावाला आहे आणि ज्या शाळेत पुढच्या वर्षी प्रवेश घ्यायचा तिथले सरही आहेत. मार्च उलटला म्हणून काही पुसले जात नाही. उद्या हीच मुलगी नोकरीच्या मुलाखतीला गेली किंवा तिच्या सोयरिकीची बोलणी निघाली, तरी चौथीतला भागाकार हाताशी तयार राहील. मुलाचे हित पाहणारे पूर्वी शाळेपुरते पाहत, आता ते जन्मभराची सोय करून ठेवतात. आणि मधेच आईचा विषय काढणारी ती वयस्क बाई? तिनेही टिप्पणी लिहिली असेल कदाचित, पण दोनशे हसण्यांच्या खाली ती कोण उघडून वाचणार!

देवासकर म्हणून आपल्याला मात्र इथे थोडे वरमायला हवे, कारण शिष्याविषयी तोंड मिटून बसण्याची एक जुनी खोड या गावाच्या नावावर जमा आहे. या गावाला एकाच वेळी दोन राजे होते, थोरल्या पातीचे आणि धाकट्या पातीचे. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंपासून निघालेली ही दोन घरे १९४८ पर्यंत एकाच गावात नांदली. मुख्य रस्त्याच्या एका बाजूला एका दरबाराचे पाणी आणि दिवे, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचे, अशी इथली व्यवस्था जगाने कौतुकाने लिहून ठेवली आहे. अशा गावात गोष्टी बाहेर फुटायला किती वाव! पण १९०७ च्या सुमारास थोरल्या पातीच्या तरुण तुकोजीराव तिसऱ्यांना शिकवायला मॅल्कम डार्लिंग नावाचे आयसीएस अधिकारी नेमले गेले आणि या गृहस्थांनी ही संधी हातची घालवली.

शिष्य साधासुधा नव्हता. राजा, वय एकोणीस-वीस, बुद्धी तल्लख आणि स्वभाव विलक्षण. पुढे या राजाचे संस्थान कर्जात बुडाले, घरात कलह झाला, शेवटी देवास सोडून तो पाँडिचेरीला गेला आणि १९३७ मध्ये तिथेच वारला. आजच्या एखाद्या उत्साही शिक्षकाला असा विद्यार्थी मिळाला असता तर तीस वर्षांची मालिका झाली असती, रोज नवा भाग. डार्लिंग यांनी काय केले, तर शिष्याशी जन्मभर मैत्री ठेवली. त्या वर्षांविषयीचे त्यांचे पुस्तक छापून आले १९६६ मध्ये, म्हणजे शिष्य जाऊन एकोणतीस वर्षे झाल्यावर. त्यांचेच स्नेही ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये महाराजांचे खासगी सचिव म्हणून इथे येऊन राहिले. राजवाड्यातला गोंधळ, उधळपट्टी, गोकुळाष्टमीची धामधूम, सारे त्यांनी पत्रांतून घरी कळवले. त्या पत्रांचे ‘द हिल ऑफ देवी’ झाले ते १९५३ साली. ज्या टेकडीवर आपण चामुंडा आणि तुळजाभवानीच्या दर्शनाला जातो, तीच ही टेकडी. महाराजांना जाऊन तेव्हा सोळा वर्षे झाली होती, आणि छापले त्यातही थट्टेपेक्षा माया जास्त. तिखटमीठ गरम असताना वाढण्याऐवजी बत्तीस वर्षे झाकून ठेवणाऱ्या माणसाला सार्वजनिक जीवनाची जाण होती असे कसे म्हणावे?

संगीतातही तेच. उस्ताद रजब अली खाँ यांचा संताप साऱ्या माळव्यात प्रसिद्ध होता, पण तो ज्याच्यावर निघे त्याच्या तोंडावर निघे आणि बैठकीतच विरे. कुमार गंधर्व १९४८ मध्ये आजारी छाती घेऊन इथे आले आणि पुढे इथेच राहून त्यांनी शिष्य घडवले. रियाज म्हणजे भिंतीच्या आत चुकण्याची मोकळीक, असा त्या पिढ्यांचा समज होता. चुकलेला सूर बाहेरच्या लोकांना ऐकवल्याशिवाय तो सुधारत नाही, हा शोध अजून लागायचा होता.

महाराष्ट्राने तरी आदर्श घालून द्यावा, तर तिथे साने गुरुजी. १९२४ ते १९३० अशी सहा वर्षे हा माणूस अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होता आणि वसतिगृहाची जबाबदारीही त्याच्याकडेच होती. वसतिगृह म्हणजे खोड्यांचे माहेरघर. साहित्याला तोटा नाही. शिवाय गुरुजींच्या हाती प्रसारमाध्यमही होते. ‘छात्रालय’ नावाचे दैनिक ते स्वतःच्या हाताने लिहून काढत, नंतर ‘विद्यार्थी’ मासिकही चालवले. रोजचे लेखन आणि समोर पन्नास वांड पोरे, एवढी सामग्री असताना त्यांनी त्यात मुलांना गोष्टी सांगितल्या, देशाविषयी आणि चांगल्या माणसांविषयी लिहिले, आणि उरलेल्या वेळात मुलांच्या खोल्या झाडल्या, कपडे धुतले. कोणता मुलगा अंथरूण ओले करी, कोण घराच्या आठवणीने रात्री रडे, हे वसतिगृहाच्या प्रमुखाला कळल्यावाचून राहत नाही. तरी अशा एका मुलाचे नाव त्या दैनिकामुळे अमळनेरच्या बाजारात पोचले नाही.

आधुनिकतेचा पहिला किरण यावा लागला तो अमेरिकेतून. पेन्सिल्वेनियातल्या एका इंग्रजीच्या शिक्षिकेने प्रगतिपुस्तकावर जे लिहिता येत नाही ते इंटरनेटवरच्या आपल्या ब्लॉगवर लिहून काढले. मुले आळशी, उर्मट, कुरकुरी, असे बरेच काही. पूर्ण नाव दिले नव्हते, शाळा सांगितली नव्हती, मुलांची नावे तर मुळीच नव्हती. तरीही २०११ मध्ये विद्यार्थ्यांनीच ते हुडकून काढले, बाईंना वर्गातून दूर करण्यात आले, आणि प्रकरण अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर न्यायालयात गेले. २०१५ मध्ये अपील न्यायालयाने निकाल त्यांच्या विरोधात दिला. ज्या मुलांना शिकवायचे त्यांचा आणि त्यांच्या पालकांचा विश्वासच उडाला तर शाळा चालणार कशी, असा त्या निकालाचा रोख होता. बिचाऱ्या बाईंचे चुकले एवढेच की त्या अर्ध्यावर थांबल्या. आपल्याकडे वहीच्या पानाबरोबर वरची चिठ्ठीही छायाचित्रात येते: नाव, इयत्ता, तुकडी, शाळा, सारे काही. आपल्या वाचकांना काही हुडकावे लागत नाही.

या सेवेचा एक नमुना जवळून पाहू. अशा चित्रफिती तुम्हीही पाहिल्या असतील, कदाचित पुढेही पाठवल्या असतील. सोयाबीन काढणीचे दिवस. सातवीचा वर्ग, जेवणानंतरचा तास. तिसऱ्या बाकावर एक मुलगा दंडावर डोके टेकून झोपला आहे. तोंड किंचित उघडे, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ वहीवर उतरलेली. कॅमेरा हळूहळू जवळ सरकतो. मागे वर्ग तोंड दाबून हसतो आहे. शेजारच्याला खूण होते, तो पेन्सिलीने कान कोरतो, मुलगा दचकून उठतो. उठल्यावर तो सर्वांत आधी वहीचे पान बाहीने पुसतो. मग वर बघतो. फोन दिसतो. आणि हसतो. आपल्यावर हसणाऱ्यांत आपणही सामील झालो की लवकर सुटका होते, हे मुलांना कोणत्याही पाठ्यपुस्तकातून शिकवावे लागत नाही. वर ठळक अक्षरांत ‘देश का भविष्य’, मागे एका जुन्या अंगाईचा सूर. सगळे मिळून वीस सेकंद.

त्या वीस सेकंदांत मुलाचा हात स्पष्ट दिसतो. वाळलेल्या शेंगांची टोके लागून बोटांवर बारीक चिरा पडलेल्या, नखांत काळी माती. घरची चार बिघे असतील किंवा वडील मजुरीला जात असतील. पाऊस यायच्या आत माल घरात आला पाहिजे म्हणून रात्री थ्रेशरजवळ पोरालाही उभे राहावे लागले असेल. बागली, उदयनगरकडच्या आदिवासी घरांतून तर मुले शाळेत आली हेच काढणीच्या दिवसांत मोठे असते. “रात्री कुठे होतास रे?” एवढे विचारले असते तर उत्तर मिळाले असते. पण विचारायला मुलाजवळ जाऊन बसावे लागते, तो आधी गप्प राहतो, मग मान खाली घालून बोलतो, आणि ऐकल्यावर आपल्याला काहीतरी करावे लागते. चित्रफितीला हे काही लागत नाही. अध्यापनाचा जो वेळ असा वाचतो, त्याचा हिशेब शिक्षण विभागाने एकदा मांडायला हवा.

या कार्यात नैतिक शिक्षणही आपोआप घडते. याच मुलाच्या दप्तरात मोबाइल सापडला तर तो जप्त होऊन कार्यालयातल्या कपाटात जातो, आणि याच वर्गाला ‘मोबाइल: शाप की वरदान’ हा निबंध दरवर्षी लिहावा लागतो. सरांच्या हातातला फोन पाहिल्यावर मुलांना निबंधाची दुसरी बाजूही समजते. शिवाय वर्गातली बाकीची मुले काय शिकली ते पाहा. झोपलेल्याला उठवण्याआधी त्याचे चित्र घ्यायचे असते, हे त्यांना सातवीतच कळले. पूर्वी हे कळायला कॉलेजात जावे लागे.

आता या सेवेमागच्या कष्टांविषयी. शिक्षकाची तक्रार खोटी आहे असे कोणी समजू नये, ती शंभर टक्के खरी आहे. मध्य प्रदेशातल्या सरकारी शाळेचे मास्साब सकाळी ‘हमारे शिक्षक’ ॲपवर आपली हजेरी लावतात. ती लागायला नेटवर्क हवे, म्हणून कधी शाळेच्या कट्ट्यावर फोन उंच धरून उभे राहतात. मग मुलांचे समग्र आयडी, त्यांची केवायसी, अपार आयडी. आधार कार्डावर नाव एक, दाखल्यावर दुसरे, म्हणून वडिलांना तीन वेळा बोलावणे. गणवेश, सायकली, शिष्यवृत्ती, मध्यान्ह भोजनाचा ताळेबंद. शाळा संकुलातून निरोप, जनशिक्षकांचा फोन, विकासखंडाच्या बीआरसी केंद्रात बैठक. मतदार याद्यांचे काम निघाले की बीएलओ म्हणून दारोदार. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ म्हणते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत. तोच कायदा प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक मागतो. ज्या गावात पाच वर्ग एकट्या बाई सांभाळतात तिथे हे कलम मोठ्याने वाचून पाहावे. अतिथी शिक्षकाची स्थिती तर आणखी बिकट, कारण पुढच्या सत्रात आपण असू की नाही हेच त्याला माहीत नसते. खासगी शाळेतल्या तरुण मॅडमना पगार किती मिळतो आणि सही कितीच्या आकड्यावर होते, हे विचारून त्यांचा संकोच वाढवू नये. एवढे सोसल्यावर माणूस कुठे तरी बोलणारच.

प्रश्न एवढाच, की कोणाविषयी. मध्य प्रदेश सिव्हिल सेवा आचरण नियम १९६५ सालचे आहेत आणि सरकारवर टीका करायला ते कर्मचाऱ्याला मनाई करतात. महाराष्ट्रात १९७९ चे नियम आहेत, आणि तेवढ्याने भागले नाही म्हणून जुलै २०२५ मध्ये शासनाने समाजमाध्यमांच्या वापरासाठी वेगळे परिपत्रक काढून शासकीय धोरणांवर प्रतिकूल टीका नको, असे बजावले. रिक्त पदांविषयी लिहिले तर कारणे दाखवा नोटीस. गळक्या छताचे छायाचित्र टाकले तर संकुलातून फोन. खासगी शाळेत संचालकांच्या मुलाने शाळेची बस चुलतभावाच्या लग्नाला नेली असे लिहिले तर दुसऱ्या दिवसापासून घरी. पालकांविषयी लिहावे तर चार जण शाळेच्या फाटकावर येतात, त्यांच्यात एखादा नगरसेवकाचा माणूस असतो. अशा प्रकारे वरच्या सगळ्या वाटा काळजीपूर्वक बंद केल्यावर उरते कोण, तर तिसऱ्या बाकावरचा मुलगा. त्याला संघटना नाही, त्याचा नगरसेवक नाही, त्याच्याकडे फोन नाही आणि असला तर तो कपाटात आहे. त्याच्यावर टीका करायला कोणतेही परिपत्रक आडवे येत नाही. ज्या शिक्षकाला दिवसभरात कोणी एक शब्द बोलू दिला नाही, त्याने आपला सगळा आवाज या एका जागी मोकळा केला, तर त्याच्या विवेकाचे कौतुकच करायला हवे. धोका कोणाकडून आहे आणि कोणाकडून नाही, हे त्याने अचूक ओळखले आहे.

आणि सरकारनेही या गुणाला सुरुवातीपासून खतपाणी घातले आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने फर्मावले होते की शिक्षकांनी दर सोमवारी दहा-दहा मुलांच्या गटाबरोबर सेल्फी काढून ‘सरल’ प्रणालीवर चढवावी, म्हणजे गैरहजर मुले शोधता येतील. शिक्षक संघटनांनी तेव्हा कडाडून विरोध केला. पुढे मात्र वृक्षारोपणाचे छायाचित्र, खिचडी वाढतानाचे छायाचित्र, हात धुतानाचे छायाचित्र, सायकल वाटपाचे पाहुण्यांसकट छायाचित्र, हा रोजचा रतीबच झाला. मूल म्हणजे पुराव्यादाखल वर पाठवायची वस्तू, हा धडा खात्याने इतका घोटून घेतला की शिक्षकाने स्वतःच्या हौसेचे एखादे चित्र त्यात घातले तर त्याला गुन्हा कसा म्हणावा? पाहुण्यांच्या हातून सायकल घेताना त्या मुलाला विचारले होते का, की तुझे गरीब असणे जिल्हाभर दाखवले तर चालेल?

काही किरकोळ कायदेशीर अडचणी आहेत, त्यांचाही उल्लेख प्रामाणिकपणाने करतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मुलाला मारायला मनाई करते आणि त्याच वाक्यात मानसिक छळालाही मनाई करते. लोकांच्या लक्षात पहिला भाग राहिला, छडी गेली. दुसरा भाग मोजायला कठीण, वळ उठत नाही, त्यामुळे त्याची फारशी कटकट नाही. भारताने १९९२ मध्ये बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर मान्यतेची मोहोर उठवली. त्याच्या सोळाव्या कलमात मुलाचे खासगीपण आणि त्याची प्रतिष्ठा यांचे नाव घेतले आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरताना पालकाची संमती मागतो. एवढे कायदे एका सातवीतल्या मुलाच्या पाठीशी उभे आहेत हे वाचून बरे वाटते. त्याच्यापर्यंत ते पोचतील तेव्हा तो नागरिकशास्त्राच्या पेपरात त्यांची नावे लिहील, आणि तिथे वर्षाचा आकडा चुकला तर ती उत्तरपत्रिकाही आपल्याला बघायला मिळेल.

या सेवेला विरोध करणारे म्हणतात की मुलाला उत्तर देता येत नाही. पण सारी शोभा तर त्यातच आहे. उत्तर देता आले असते तर तो वाद झाला असता, वादात दोन बाजू येतात आणि मग दुसरी बाजू ऐकावी लागते. सातवीचा मुलगा स्टेटस लिहू लागला की सर पाठ बघत बघत शिकवतात, प्रश्न विचारला तर चिडतात, गेले तीन दिवस वर्गात फोनवर बोलत होते, तर शिक्षण क्षेत्रात केवढी अनागोंदी माजेल याची कल्पना करा. त्याला आपण तत्काळ शाळेतून काढू, आणि त्याच्या दाखल्यावर शेरा लिहू. मर्यादा पाळायला कोणीतरी एक पक्ष लागतोच. तो बारा वर्षांचा असला तर व्यवस्था स्थिर राहते.

या लाटेत सामील न झालेले शिक्षक अजून आहेत, हेही मान्य केले पाहिजे. देवासात आहेत, खेड्यांत तर पुष्कळ आहेत. ते फारसे कुठे दिसत नाहीत, कारण त्यांचे स्टेटस बहुधा रिकामे असते किंवा त्यावर गणपतीचे चित्र असते. झोपलेल्या मुलाला ते तास संपेपर्यंत झोपू देतात, सुटीत त्याला बोलावून फळ्यावरचे गणित वहीत उतरवून घेतात, आणि काढणी संपेपर्यंत त्याच्या गृहपाठाचा विषय काढत नाहीत. ज्या पोराने शिवी दिली त्याच्या घरी शनिवारी संध्याकाळी जातात. तिथे बाजेवर बसून पाण्याचा तांब्या हातात घेईपर्यंत त्यांना कळते की शिवी पोराची नव्हती, बापाची होती, पोराने फक्त ती शाळेत आणली. परत येताना ते ही गोष्ट कोणाला सांगत नाहीत. पुढच्या महिन्यापासून ते पोर पहिल्या बाकावर बसते, आणि का, ते वर्गात कोणालाच माहीत नसते. अशा कामाचा पुरावा कोणत्याही ॲपवर चढत नाही, त्याला एकही लाइक मिळत नाही, बीआरसीतल्या बैठकीत त्याची नोंद होत नाही. जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांनी या मंडळींचे एक उजळणी शिबिर घेऊन त्यांना काळाबरोबर आणावे.

सेवा अधिक नेटकी व्हावी म्हणून माझी एकच नम्र सूचना आहे. पुढच्या पालक-शिक्षक सभेत ज्या मुलाविषयी जे लिहिले, ते त्याच्या आईसमोर मोठ्याने वाचून दाखवावे. ती लसूण निवडायचे काम अर्धवट टाकून, सकाळची मजुरी बुडवून, धुतलेली साडी नेसून आलेली असेल. तिला वाचता येत नसेल तर शब्द न् शब्द वाचावा. खाली आलेल्या टिप्पण्याही वाचाव्यात, कोणाच्या आहेत तेही सांगावे. पिवळे चेहरे कशाचे ते समजावून द्यावे. चित्रफीत असेल तर ती आवाजासकट दाखवावी आणि मुलाला तिच्या शेजारीच उभे करावे. सर्वांसमोर मांडण्याजोगा मजकूर तिच्यासमोर मांडायला काही हरकत नसावी. सभेची वेळ सकाळी अकराची ठेवावी, म्हणजे तिला दुपारची पाळी तरी गाठता येईल.